शर्तींचा रकाना

तिशीत मी फार शहाणी होते. खांद्याला झोळी, झोळीत आमच्या मंडळानं छापून घेतलेले निकाहनामे आणि तोंडात भाषण. त्या निकाहनाम्यात शर्तींसाठी एक रकाना होता. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर बायकोला स्वतःहून तलाक घेता येईल, एवढं त्यात लिहून घ्या, असं मी पेठ वडगावपासून कोडोलीपर्यंत सांगत फिरायचे. बायका ऐकायच्या, चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, "बाई बोलती झ्याक." मी तेवढ्यावर खूश.

मग धाकट्या बहिणीचा निकाह ठरला. हळदीच्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आपा, माझ्यातबी ती शर्त लिवशील न्हवं?"

"तुझ्यात न्हाय तर कुणाच्यात लिवू?" काय तो माझा रुबाब.

निकाहाला काझीसाहेब चष्मा विसरून आले. शिकलेली म्हणून कागद भरायला मला बसवलं. नावं, मेहर, साक्षीदार, सगळं लिहिलं. त्या रकान्याशी आले, तसे मुलाचे वडील वाकून बघत म्हणाले, "काय ओ बाई, लगीन लावायला बसलाय का मोडायला?" बैठक हसली. अब्बांनी मान खाली घातली. आणि जिल्हाभर गर्जना करणारी ही वाघीण, मीपण हसले. हसत हसत लिहिलं, 'निरंक'. खाली सरळ रेघसुद्धा ओढली.

चोवीस वर्षांनी, लेक सासरी गेल्यावर, बहिणीच्या नवऱ्यानं दुसरी आणली. बहीण एक पेटी घेऊन माझ्याकडं कसबा बावड्याला आली. तो तलाक देईना, हिनं खुला, म्हणजे बायकोनं मागून घ्यायची सोडचिठ्ठी, मागितला तर कबूल होईना. "ऱ्हाऊ दे की तशीच," म्हणायचा. कोर्टात दावा लावला. तारखा पडत राहिल्या. माझ्याकडं येणाऱ्या परक्या बायका त्या शर्तीवर सुटून जायच्या, घरातली तेवढी अडकलेली.

ती मला कधी टाकून बोलली नाही. एकदा पेटी आवरताना तो निकाहनामा हाताला लागला. बराच वेळ बघून म्हणाली, "अक्षर मात्र तुझं मोत्यागत हाय, आपा." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत तिला दवाखान्यात नेलं. अर्ज भरायला पुन्हा मीच. आता माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. 'पतीचे नाव' इथं आले आणि थांबले. दावा अजून चालूच होता, कागदोपत्री ती त्याचीच. ती बाकावर आडवी पडून माझ्या हाताकडं बघत होती.

"रिकामं सोड की गं, आपा."

मी सोडलं. खिडकीवरच्या मुलीनं अर्ज परत सरकवला. "आजी, हे ऱ्हायलंय."

"ऱ्हाऊ दे."

मुलीनं माझ्याकडं बघितलं, बाकाकडं बघितलं आणि अर्ज तसाच ठेवून घेतला.

चार दिवसांनी बहीण गेली. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव छापून आलंच. कुणी सांगितलं, ठाऊक नाही. या खेपेला मी लिहिलेलं नव्हतं, एवढंच.