सायलीचं अ‍ॅडजस्ट

बार्शीहून पनवेलला निघताना मी बॅग मुद्दाम अर्धी रिकामी ठेवली होती. वेळ आलीच तर सायलीचे कपडे त्यात बसले असते. लग्नाला दोन वर्षं झाली तरी फोनवर माझ्या पोरीचं एकच पालुपद, "करतेय गं अ‍ॅडजस्ट." गेल्या आठवड्यात ते म्हणताना तिचा आवाज भरून आला आणि मी बसचं तिकीट काढलं. ठीक असेल तर भेटून येऊ, नसेल तर घेऊनच येऊ. हा बेत मी कुणालाच सांगितला नाही.

पनवेलला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, तरी पदर घामाने भिजला. सायलीचं सासर कोन गावात, मासे खाणारं. तिथे माझ्या शाकाहारी लेकीचे काय हाल असतील, या विचाराने मी आधी मंडईत शिरले. गवार मागितली. भाजीवाली म्हणाली, "गवार नाय, मावशी. मोड आलेले कडवे वाल न्या. अडजस करा." नावातच कडू असलेली भाजी मी आयुष्यात पहिल्यांदा घेतली.

कोनच्या रिक्षात मागे आम्ही तिघी बसलो होतो. तेवढ्यात चौथा माणूस आला. रिक्षावाला वळून म्हणाला, "काकू, जरा अ‍ॅडजस्ट करा."

"आणखी कुठे सरकू, खाडीत?"

तो हसला, त्या माणसाला आपल्याच सीटवर घेतलं आणि स्वतः निम्मा बाहेर बसून रिक्षा चालवू लागला. आमच्याकडे हा शब्द सांगणारा कधी जागचा हलत नाही. बहुतेक वेळा तो सुनांनाच सांगायचा असतो. मीही फोनवर सायलीला तेच सांगत आले होते.

घरी सायलीने दार उघडलं आणि गळ्यातच पडली. वाळली होती थोडी. जावई पहिल्या पाळीला गेलेले. विहीणबाई कुठे दिसेनात, म्हणून मी विचारलं, तर ती मला मागच्या दारी घेऊन गेली. तिथे पत्र्याच्या आडोशाला, भर उन्हात, हिराबाई छोट्या शेगडीवर सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) परतत होत्या.

"घरात गॅस असताना इथे?" मी विचारलं.

"तुमच्या पोरीला वास सोसत नाय, ताई. मंग आमी मासली हितंच शिजवतो. अडजस केलाय."

दोन वर्षं त्या बाई माझ्या मुलीसाठी उन्हात बसून स्वयंपाक करत होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुपारी त्यांनी मी आणलेले वाल सोलून, नारळ घालून, मला गरम वाढले. कडवटपणा होता, पण जिभेवर रेंगाळणारा. मी दोनदा मागून घेतले.

मग सायलीला सलत होतं ते काय? दुसऱ्या दिवशी ती मला जवळच्या आपटा गावी पाताळगंगा नदी दाखवायला घेऊन गेली. काठावर झाडांची गार सावली होती. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो.

"खरं सांग, त्रास आहे का?"

"नाही गं. हायवेच्या गाड्यांनी झोप मोडते, त्यांची बोली कधी कधी डोक्यावरून जाते. पण सासूबाई जीव लावतात."

"मग फोनवर रडतेस कशाला?"

"मी काहीही सांगितलं की तू म्हणतेस, अ‍ॅडजस्ट कर. मला ते 'परत येऊ नकोस' असं ऐकू येतं, आई."

मला वाटत होतं, मी धीर देतेय. पोरीला तिच्याच घराचं दार लावल्याचा आवाज येत होता. मला माझीच लाज वाटली, आणि तसं मी तिला सांगितलं.

"कधीही ये," मी म्हटलं. "भांडून ये, नाहीतर उगाच ये. कारण विचारणार नाही. आत्ता चल म्हणालीस तर आत्ता निघू."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग नाक पुसत म्हणाली, "आत्ता नको. मंगळवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

निघताना हिराबाईंनी माझी बॅग वालांनी आणि तांदळाच्या भाकरीच्या पिठाने गच्च भरली. सायली बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी होती.

घरी आल्यावर चहाही न घेता मी आतल्या खोलीत गेले. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सायलीच्या पलंगावर मी गव्हाची पोती रचली होती, वर शिलाई मशीन. जागा उगाच अडते म्हणून. एकेक पोतं ओढून खाली घेतलं, गादी उन्हात टाकली, संध्याकाळी धुतलेली चादर घातली. शेजारच्या वहिनींनी दारातून विचारलं, "कोण येणारंय का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण पलंग तिचा आहे."