अण्णांचं वेताचं कडं

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या भाड्याच्या घराला मीटर एक, फ्यूज एक आणि बिऱ्हाडं दोन. पुढे मालक, मागे आम्ही, मध्ये एक दार. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. घरात कानडी, पण अण्णांची सगळी नोकरी मिरज-लोंढ्याकडे स्टेशन मास्तर म्हणून गेलेली, त्यामुळे आमच्याशी दोघंही मराठीतच बोलत.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमच्याकडे विजेची इस्त्री होती, चांगली धोंड्यासारखी जड. ती आल्याच्या आनंदात आईने कोळशाची इस्त्री भांडीवालीला देऊनही टाकली. तेवढ्यात अक्कांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि ओल्या बाळंतिणीच्या डोळ्यांत धूर नको म्हणून अण्णांनी न्हाणीघरात विजेचा बंब बसवला. झालं! बंब आणि इस्त्री एकदम लागली की फट्. पहिल्याच आठवड्यात चार वेळा फ्यूज उडाला. वडील म्हणाले, "जाड तार घालू या की." अण्णा असे उखडले म्हणता! "आणि भिंतीतली वायर जळली म्हणजे? घर पेटवता काय?"

एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशन मास्तर ड्रायव्हरला वेताचं एक कडं देतो. त्याला कातडी पिशवी, पिशवीत गोळा. ते हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. अण्णांनी तस्संच कडं घरी बनवलं. पिशवी जुन्या चपलेच्या कातड्याची आणि गोळ्याच्या जागी अख्खी सुपारी. कडं ज्याच्याकडे, त्यानेच बटण दाबायचं. नियम मोडला तर चौकशी आणि वहीत नोंद. आम्ही हसून हसून बेजार झालो. पण खरं सांगते, त्यानंतर दोन महिने फ्यूज उडाला नाही.

मग माझा इंटरव्ह्यू आला. वडिलांचे डोळे अधू झाले होते, नकाशे काढायचं काम त्यांना सोडावं लागलं होतं. सरकारी कारखान्यातली ही टायपिस्टची जागा मला मिळाली तर बंगळूर, नाहीतर गाशा गुंडाळून बेळगावला काकांच्या दारात. आई तोंडाने काही बोलत नव्हती, पण डबे रिकामे करायला लागली होती. मला ते बघवत नव्हतं.

आदल्या दिवशी आईच्या एकुलत्या एक चांगल्या सुती साडीला खळ दिली. पण दिवसभर ढग, साडी सकाळपर्यंत दमटच. वाळली तेव्हा पापडासारखी कडक आणि सुरकुत्याच सुरकुत्या. पावणेनऊ वाजले होते, सव्वानऊची बस. मी मधलं दार वाजवलं. "अक्का, कडं द्या ना!"

आतून आवाज आला, "स्वल्प थांब की ग, बाळंतिणीला तेल लावलंय. पाणी तापू दे."

थांबले. पाच मिनिटं, सात मिनिटं. मला मुळात थांबायची सवय नाही. म्हटलं, एवढ्यात पाणी तापलंच असेल, बंब बंद केला असेल. आणि मी मेलीने बटण दाबलं.

फट्.

न्हाणीघरातून बाळाने टाहो फोडला. मधलं दार उघडून अक्का उभ्या, कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेवरची साडी पाहिली, इस्त्री पाहिली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. "अय्यो," एवढंच म्हणाल्या आणि मागे वळल्या.

लेकीला आणि बाळाला चादरीत गुंडाळून त्यांनी जुन्या हंड्याखालची चूल पेटवली, नारळाच्या करवंट्या भराभर घातल्या. पाणी तापायला लागलं तसे त्यातलेच निखारे चिमट्याने उचलून पितळी तांब्यात भरले, तांब्या फडक्याने धरला आणि माझ्या साडीवर सरासरा फिरवायला लागल्या. "काठ धर. ताण. अगं ताण की, जेवली नाहीस काय!" मी काठ धरून उभी, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि त्या म्हणतात, "रडू नको, साडीवर डाग पडेल."

तोवर अण्णा वही घेऊन हजर. "कडं नसताना गाडी कुणी सोडली?"

अक्का मान वर न करता म्हणाल्या, "मी. कडं हिला दिलं आणि विसरून परत बंब लावला."

अण्णा न्हाणीघराकडे जाऊन आले. मग पेन्सिल काढून शांतपणे लिहिलं आणि फ्यूजची तार बांधायला गेले. मी साडी नेसून धावत बस गाठली. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, आणि त्याची लाज मला टाइप करतानाही सोडत नव्हती.

तीन आठवड्यांनी नोकरीचं पत्र आलं. आईने डबे पुन्हा भरायला घेतले. मी पत्र घेऊन आधी पुढे गेले. "अण्णा, त्या दिवशी चूक माझी होती. कडं माझ्याकडे नव्हतंच."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "कडं न्हाणीघरात खिळ्याला होतं. मी पाहिलं ना."

"मग लिहिलंत काय?"

त्यांनी वही उघडून दाखवली. चूक: घरमालकीण. "सगळ्या नोकरीत एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर मी लिहिली नाही. ही एवढी एकच. पण तू आधीच रडत होतीस. खरं लिहिलं असतं तर इंटरव्ह्यूत काय बोलली असतीस?" मी म्हटलं, खोडा ते. तर म्हणाले, "राहू दे. तुझ्या अक्कांना चालतंय."

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी आठला मी कडं मागायला गेले, तर ते मधल्या दाराला आमच्या बाजूने आधीच अडकवलेलं. पलीकडून अक्का ओरडल्या, "घे की ग! बाळाची आंघोळ आता रोज तुझी बस गेल्यावर."

कडं हातात घेऊन मी इस्त्रीपुढे बसले आणि वेड्यासारखी रडत राहिले. त्यात इतका वेळ गेला की पहिल्या दिवशी कामावर चुरगळलेल्या साडीतच गेले.