अब्बांनी माझ्यासाठी तयार केलेलं कुत्रं

मी विलायतेला निघालो तेव्हा अब्बा कोल्हापूर स्टेशनच्या फलाटावर आलेच नाहीत. आत डब्याच्या खिडकीला अम्मा, धाकटा भाऊ रफीक आणि निम्मी गल्ली लोंबकळत होती. कोण खजूर कोंबतंय, कोण चटणीचा डबा. आणि बाप बाहेर टांग्यापाशी घोड्याची मान खाजवत उभा. मला टांग्यातनं उतरवताना एवढंच म्हणाले होते, "मागं बघू नको. जनावर मागं बघाय लागलं की कामातनं गेलं." मी बघितलं. ते पाठमोरे होते. अब्बांना डोळ्यांनी बघितलं ते शेवटचं, आणि तेव्हाही नुसती पाठच दिसली.

गल्लीकरांनो, हे मी तुमच्यासाठी टेपवर बोलतोय. लिहून काढणाऱ्या बाई मिरजेच्या आहेत, माझं बोलणं जरा धुऊनपुसून घेतात. पण मी त्यांना बजावलंय, राग तेवढा पुसायचा नाही. आणि इकडं आलेल्यांनो, तुम्हीही ऐका. सुट्टीला गावी जाऊन आलात की महिनाभर तिथल्या मटणाचं कौतुक सांगता ना, मग माझंही थोडं ऐकून घ्या.

अब्बा दरबारचे चित्तेवान होते. चित्ता माणसाळवायचा, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून बैलगाडीतनं माळावर न्यायचा, काळवीट दिसलं की टोपी काढायची. शिकार झाली की लाकडी पळीतनं त्याचा वाटा त्याला द्यायचा आणि परत टोपी. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच. चित्ता बाजेवर झोपायचा, आम्ही खाली. मग संस्थान गेलं, शिकारखाना गेला, शेवटचा चित्ता म्हातारा होऊन मेला आणि अब्बा टांगा हाकायला लागले. त्याचा राग त्यांनी घोड्यावर कधी काढला नाही. आमच्यावर काढला.

इंग्लंडात मी फौंड्रीत लागलो. कोल्हापुरातही फौंड्र्या होत्याच की, पण मला साहेबाच्या देशातला धूर पाहिजे होता. एके दिवशी साच्यात ओल राहिली होती. आम्ही तापल्या लोखंडाचा रस ओतला आणि तो उसळून माझ्या तोंडावर आला. दोन्ही डोळे गेले. जयसिंगपूरच्या ज्या मुलीशी माझं ठरलं होतं, तिच्या बापानं बातमी कळताच तिचं दुसरीकडं उरकून टाकलं. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण त्या माणसाचा मला राग नाही. त्यानं निदान मला फसवलं तरी नाही.

जखमा भरल्यावर मी गावी आलो होतो. तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुम्ही मला बाजेवर बसवलंत आणि उठूच दिलं नाहीत. मोरीवर जायचं तरी रफीक दंड धरून न्यायचा. बघायला रांग. माझ्या तोंडावर अम्माला विचारायचे, "ह्याला उजेड तरी कळतोय काय हो?" "ह्यो जेवतोय कसा?" अरे, डोळे गेले होते, कान शाबूत होते की माझे! तालमीतला माझा जिवलग दोस्त येऊन समोर गप बसून राहिला, मी ओळखतो का बघायला. मी इकडंतिकडं मान फिरवली तशी सगळे खदाखदा हसले. मी ताट भिरकावलं आणि अब्बांना सांगितलं, "सोताच्या पायानं ह्या गल्लीत फिरता आलं तरच परत यीन. दंड धरून न्हाय." 

इंग्लंडात परत आलो आणि आंधळ्यांसाठी कुत्री तयार करतात त्या ठिकाणी नाव घातलं. तिथं मला जूडी मिळाली. लॅब्राडोर, ठेंगणी, अंगानं भरलेली. तिच्या पाठीवर चामड्याचा पट्टा आणि त्याला ताठ दांडा. तो धरून चालायचं. पायरी आली की ती थांबणार, खांब आला की मला वळवून नेणार, मोटार येत असली तर मी कितीही "चल" म्हटलं तरी जागची हलणार नाही. पहिल्यांदा तिच्याबरोबर चाललो तेव्हा तोंडाला वारं लागलं. डोळे गेल्यापासनं मी इतक्या जोरात चाललोच नव्हतो. त्या दिवशी मी पोटभर हसलो.

आता सुट्टीचं ऐका. जूडीला घेऊन कोल्हापूरला यायचं तर परतताना तिला पिसाळण्याच्या भीतीनं सरकारी कोठडीत कित्येक महिने अडकवून ठेवायचा इथला कायदा. आणि तिच्याशिवाय मी यायचो नाही. म्हणून उन्हाळ्यात वेल्सच्या किनाऱ्यावर जायचो, मिसेस पार्किन म्हणून एक बाई स्वतःच्या घरात पाहुणे ठेवायची तिच्याकडं. पहिल्यांदा गेलो तेव्हा फोनवर खोली रिकामी होती. दारात पोचलो आणि बाई गप्प झाली. माझं काळं तोंड दिसलं असणार. "खोली आत्ताच गेली हो," म्हणाली. मग तिची नजर खाली गेली असावी, कारण एकदम आवाज विरघळला, "अगं बाई, आंधळ्याचं कुत्रं! दमली असेल बिचारी, ये आत!" जूडी आत गेली. दांडा माझ्या हातात होता म्हणून मागनं मीही गेलो.

पाणी आधी जूडीला, मग मला चहा. दर वर्षी आम्ही त्याच घरी. म्हणजे जूडी सुट्टीला जायची आणि मी तिचं सामान. एकदा नाश्त्याला दुसऱ्या एका पाहुण्यानं बाईला विचारलं, "ह्याला इंग्रजी कळतं का?" बाई म्हणाली, "कुत्रीला कळतं." सगळे हसले, मीही हसलो. पण एक सांगतो, त्या घरात माझा दंड कुणी धरला नाही. सकाळी जूडीला घेऊन मी एकटा समुद्रावर जायचो आणि भूक लागली की एकटा परत यायचो.

घरनं कॅसेटी यायच्या. आंधळ्याला पत्राचा काय उपयोग, म्हणून रफीकनं टेप घेतला होता. अम्मा रडायची, रफीक बाजारभाव सांगायचा, अब्बा नुसते खोकायचे. मग एका कॅसेटीवर अब्बा स्वतः बोलले. "ऐक. हितं कुत्रं धरलंय. खाटकाच्या दारातलं हाय, पन डोस्क्यानं तेज. शेरू नाव ठिवलंय. आरं, चित्ता माणसाळवला मी, कुत्र्याचं काय घिऊन बसलास? तयार झालं की सांगतो. मग तू ये." पुढच्या कॅसेटीत शेरू बस म्हटलं की बसत होता. त्याच्या पुढच्या कॅसेटीत दांडा धरून चालत होता. मागनं कोणीतरी ओरडायचं, "चाचा, त्याला टांगा हाकाय बी शिकवा की!" आणि हशा. अब्बांनी त्याला दिलेल्या शिव्याही टेपवर आल्यात.

मी त्या कॅसेटी किती वेळा ऐकल्या असतील! जूडी थकली होती, तिला कामातनं काढायची वेळ आलीच होती. कुत्री तयार करणारे दुसरं कुत्रं देतो म्हणाले. मी म्हटलं, नको, माझ्या बापानं तयार केलंय. राहती जागा सोडली, नव्या कुत्र्याच्या यादीतनं नाव काढलं. जूडीला मिसेस पार्किननं ठेवून घेतलं. विमानात बसताना मला वाटत होतं, आता ह्या देशाशी माझं काम संपलं.

अब्बांनी चप्पल करणाऱ्याकडनं शेरूसाठी पट्टा करून घेतला होता. नव्या पायताणासारखा करकरायचा. शेरूला अम्मा घरात घेत नव्हती, तो टांग्याच्या तबेल्यात. पहिल्या सकाळी दांडा माझ्या हातात देऊन अब्बा म्हणाले, "जा. रंकाळ्यापातूर जाऊन ये. मी घरातच हाय." आणि मी गेलो! गल्लीतनं, बाजारातनं, थेट तळ्याच्या कट्ट्यापर्यंत. कुणाचा धक्का नाही, कुठं ठेच नाही. परत येऊन अम्माला मिठी मारली. रोज जायला लागलो. एवढा सुखी मी डोळे असतानाही नव्हतो.

खटकत होतं, नाही असं नाही. जूडी पायरी आली की थांबायची; शेरू कशालाच थांबत नव्हता. शिवाय तुम्ही. कोल्हापुरात दोघं बोलायला लागले की तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं, आणि मी निघालो की अख्खा बाजार चिडीचूप! कधी कुणाचं फिसकन हसू फुटायचं आणि दुसरा त्याला दाबायचा. वाऱ्यावर बिडीचा वास यायचा, कच्च्या कलेजीचाही. मी मनाला सांगितलं, बाजार आहे, वास येणारच.

एका सकाळी रफीकनं मला तबेल्यात गाठलं. "भाई, म्हाताऱ्याला अजून किती फिरवनार हाईस?"

"मी कुठं फिरवतोय? मी तर शेरूसंगं..."

"शेरूला डोंबल येतंय! अब्बा फुडं चालत्यात. अनवाणी, हातात कलेजी धरून. ते जातील तिकडं कुत्रं जातंय आनि कुत्र्यामागनं तू. लई शिकवलं त्याला, न्हाय जमलं. मग सगळ्या बाजाराला दम दिला, कोन बोललं तर बघा म्हणून. छातीचं दुखनं हाय त्यांना, डॉक्टरनं चालू नका म्हणून सांगितलंय. आनि तुझ्या हौसेपायी रोज रंकाळा! उद्या मेलं तर तुझ्या नावावर."

मी तबेल्यातच खाली बसलो. आधी अब्बांचा राग आला. मग तुमचा, आणि तो अजून गेलेला नाही. तुम्ही रोज बघत होता. पुढं म्हातारा, मागं कुत्रं, त्याच्यामागं मान ताठ करून चाललेला आंधळा. ह्यापेक्षा बरा तमाशा फुकटात कुठं मिळणार होता तुम्हाला? पण राग घेऊन करू काय? मला कळलंय असं अब्बांना सांगावं, तर दरबारच्या चित्तेवानाला एक कुत्रं जमलं नाही हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं, आणि एवढं करूनही ते थांबले नसते. "बरं, मग धर माझा खांदा," म्हणून रोज निघालेच असते. त्यांना बसवायचं तर मीच बसायला पाहिजे होतं.

संध्याकाळी गल्लीचा कट्टा भरलेला असताना मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अब्बा, कुत्रं बेकार हाय. मी न्हाय जानार ह्याच्यासंगं."

 अब्बा म्हणाले, "येक दिस तरी ठेचकाळलास?"

"न्हाय."

"कुनाचा धक्का लागला?"

"न्हाय. पन विलायतंतल्या कुत्र्याची सर न्हाय त्याला. चित्त्याचं जमत आसंल तुम्हाला. कुत्र्याचं न्हाय जमलं."

त्यांनी काडी ओढून बिडी पेटवली. मग म्हणाले, "जा मग विलायतंला." माझ्याशी बोललेलं त्यांचं हे शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेरूला टांग्यात घातलं आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लांब नेऊन सोडून दिलं. कामातनं गेलेलं जनावर दारात ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. कुत्र्याचा काय दोष होता? मी बाजेवर बसून रिकामा टांगा परत आलेला ऐकला. मग तिकीट होईपर्यंत बाजेवरच होतो. समोर अब्बा बसलेले असायचे, बिडी ओढत. अम्मा दोघांच्या मधनं भाकऱ्या घेऊन जायची. ह्या खेपेला ते टांगा घेऊन स्टेशनपर्यंतही आले नाहीत.

इंग्लंडात माझं काही उरलं नव्हतं. आंधळ्यांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली. मिसेस पार्किनला फोन केला तर जूडी मेली होती. बाई फोनवर हमसाहमशी रडली. अब्बा गेले तेव्हा तुम्ही एवढे रडला नसाल. अब्बा त्यानंतर दोनेक वर्षांनी गेले, झोपेत. रफीक म्हणतो, तू त्यांना बसवलंस म्हणून तेवढी वर्षं मिळाली. रफीकच म्हणतो, त्या वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नाही. दोन्ही सांगताना त्याचा आवाज सारखाच असतो. मी त्याला विचारलं, "मला ठावं हुतं, हे तू त्यांना सांगितलं का न्हाईस?" तो म्हणाला, "सांगितलं आसतं तर म्हातारा परत चालाय लागला आसता." खरं बोलला. म्हणून तर मला त्याच्याशी बोलवत नाही.

इकडचे लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? इथं मी कुणाला न विचारता चालतो आणि कुणी हसत नाही, तरी ह्याला घर म्हणवत नाही. तिथं तुम्ही मला हसलात, आणि तिथंच एक माणूस छाती दुखत असताना माझ्यासाठी अनवाणी चालला. त्याला मी चारचौघांत कमी लेखून आलो. ते घर मी स्वतःच्या तोंडानं मोडलं, आणि परत तशी वेळ आली तर परत मोडीन.

शेवटी दुसरं कुत्रं मिळालं. पहिल्या दिवशी शिकवणारी बाई म्हणाली, "मी मागं थांबते, तुम्ही दोघंच जा." फुटपाथ संपला तिथं कुत्रं नेमकं थांबलं, शिकवल्याप्रमाणं. त्याला "चल" म्हणायचं होतं. ते म्हणायच्या ऐवजी मी मोठ्यानं विचारलं, "अब्बा, फुडं हायसा काय?" काय झालं म्हणून बाई मागनं पळत आली. पुढं कोणीच नव्हतं.