जोरमा वाच, भाऊ

आमच्या गावचे सरपंच आबा यांच्याइतका अडून बसणारा माणूस अख्ख्या अमळनेर तालुक्यात नसेल. ते अंगठेबहाद्दर, पण त्यांचा अंगठा सहजासहजी शाईला लागेल तर शपथ. चावडीच्या ओट्यावर बसून सेक्रेटरीला म्हणायचे, "जोरमा वाच, भाऊ. माले वाचता येत नही." तो ठराव वाचायचा. आबा विडी पेटवायचे आणि पुन्हा म्हणायचे, "आते भिलाटीकडे तोंड करीसन वाच." मग गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतून, भिलाटीतून आलेली, ओट्याखाली लांब बसलेली माणसं थोडी पुढे सरकायची.

सभा लांबायची, सेक्रेटरीची एसटी चुकायची. आबा काही साधुपुरुष नव्हते. पंचायतीच्या हौदात स्वतःची म्हैस धुवायचे आणि कोणी बोललंच तर उलट त्याच्याशीच भांडायचे. पण कोणता रस्ता कुठून जाणार, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

पुढच्या निवडणुकीत आबा पडले. गावाने हौसेने मॅट्रिक झालेला सरपंच केला. शिकलेला माणूस मामलेदाराशी बरोबरीने बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. हे भाऊसाहेब सज्जनच होते. कागदावरून नजर फिरवून झोकात सही करायचे, चहा निवायच्या आत सभा संपायची. ओट्याखालची माणसं हळूहळू यायची थांबली.

भिलाटीच्या विहिरीचा ठराव निघाला, त्या दिवशी मात्र आबा तिथल्या लोकांना घेऊन आले. उन्हाळ्यात तिथल्या बाया नदीत झिरे खोदून वाटीवाटीने पाणी भरायच्या, आणि आबांनी त्यांना विहिरीचा शब्द दिला होता. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, तोच खालून आवाज आला, "जोरमा वाच, भाऊ. माले वाचता येत नही."

भाऊसाहेब वाचू लागले आणि जागेच्या नावापाशी अडखळले. विहीर पाटलांच्या खळ्याशेजारी लिहिली होती. सेक्रेटरी खाली मान घालून बसला. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी ठराव तिथल्या तिथे बदलून घेतला आणि पुन्हा वाचला, भिलाटीकडे तोंड करून. त्या दिवसापासून आबा भिलाटीतल्या लोकांसह पुन्हा सभेला येऊ लागले. पुढच्या उन्हाळ्यात भिलाटीत रहाट फिरू लागला.

मी अमळनेरला कॉलेजात गेलो. एकदा एसटी स्टँडवर आबा दिसले, फार वाळलेले. गाडीच्या पाटीकडे बघत ओठ हलवत होते, "ध... र... ण... गाव."

मी चाट पडलो. "आबा, तुम्हाला वाचता येतं?"

"थोडं थोडं वाचता येस. सरपंच व्हतू तव्हयच रातनी शाळामा शिकनू. कोनले सांगू नको."

"का पण?"

"मी इचारं नही, ते भिलाटीना लोकेसले कोन वाची दाखाडी?"

ती शेवटची भेट. त्याच पावसाळ्यात आबा गेले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी चावडीवर गेलो होतो. भाऊसाहेबांनी टोपण काढलं आणि सवयीने ओट्याखाली बघितलं. आबांची जागा रिकामी होती. मग भिलाटीतली एक म्हातारी पदर सावरत उठली.

"जोरमा वाच, भाऊ," ती म्हणाली. "आमले वाचता येत नही."