मानमोडीतले सात इसम

भाऊसो कुरणे शाळेतून निवृत्त झाले आणि मोडी वाचायला शिकले. वडगावपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात ती लिपी वाचणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळं गावाचा इतिहास छापायचं ठरलं तेव्हा समितीचे आकारामतात्या बौद्धवाड्यात आले आणि जुन्या दप्तराच्या झेरॉक्स भाऊसोंच्या हाती देऊन गेले.

वर्षभर भाऊसो तेच वाचत बसले. कुणाचा पणजा कुठल्या साली वारला, हे विचारायला लोक घरी यायचे.

मग एकोणीसशे अठराचं पान आलं. मानमोडीच्या तापानं गाव निम्मं झालं होतं. पाटलाच्या, सुताराच्या, न्हाव्याच्या घरातलं मेलेलं माणूस न् माणूस नावानिशी, वयानिशी लिहिलेलं. शेवटी एकच ओळ होती : ‘महारवाड्यात इसम सात.’

भाऊसोंनी ती ओळ तीनदा वाचली. लहानपणापासून ऐकलेलं, हे सातजण त्यांच्याच घरातले होते. त्या घरातून नऊ वर्षांचा एकच पोरगा वाचला, तो त्यांचा आज्जा.

त्यांची आत्ती तानूबाई त्या आज्जाची लेक. वय त्र्याण्णव, डोळ्यांनी अधू. भाऊसोंनी विचारल्यावर तिनं चार नावं सांगितली. आज्जाचा बाप ज्ञानू, आई धोंडुबाई, थोरला भाऊ केरबा, चुलती सखू. उचलायला कुणी आलं नाही म्हणून पोरानं एकट्यानं एकेकाला घोंगड्यावर घालून ओढ्यापर्यंत ओढत नेलं होतं.

“आनि तिघं?”

“ती बारकी व्हती. त्यांची नावं दादानं, माझ्या बानं, कदी काढलीच न्हाईत. काढाय गेला की त्येचं तोंडच मिटायचं.”

भाऊसोंनी ही चार नावं लिहून समितीकडं दिली. आकारामतात्यांनी कागद परत सरकवला. दप्तरात असेल तेवढंच छापायचं ठरलंय, म्हणाले. म्हातारीच्या तोंडच्या नावाला पुरावा काय?

“माझा आज्जा जगला, तात्या. त्यो पुरावा न्हाय व्हय?”

तात्या बघतो, एवढंच म्हणाले.

पुस्तक निघालं. ‘मोडी वाचन : भाऊसो कुरणे’ असं पहिल्या पानावर होतं. आत ती यादी जशीच्या तशी होती, इसम सातवर संपणारी. समारंभाला भाऊसो गेले नाहीत. प्रत कुणीतरी घरी टाकून गेलं.

तानूबाईनं पुस्तक हातात घेऊन चाचपलं. आपल्या माणसांचं पान वाच, म्हणाली. भाऊसोंनी पान उघडलं. छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले, “ज्ञानू. धोंडुबाई. केरबा. सखू.”

म्हातारी मान हलवत ऐकत होती.

“आनि बारकी?” तिनं विचारलं.

भाऊसोंना रचून सांगायलाही नावं सुचली नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं.

“त्यांची न्हाय घेतली, आत्ती,” ते म्हणाले.

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.