देवीचा नग आणि पाचचा फोन

आमच्या देवघराखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात सव्वीस वर्षांचे लोखंडी बुश आहेत! आमच्या छोट्या कारखान्यात पाण्याच्या पंपाचे बुश, म्हणजे आत बसणारी गोल कडी, बनतात, आणि तिथली रीतच अशी की, दर शुक्रवारी मशीनवरून उतरलेला पहिला नग देवीचा. बाबालालमिस्त्री तो पुसून, कागदात गुंडाळून यांच्या डब्याच्या पिशवीतून घरी पाठवतात. मी हळदकुंकू वाहते, आठवडाभर देव्हाऱ्यात ठेवते, मग ट्रंकेत.

किस्सेही असेच साठत गेलेत. पण सांगणार कुणाला? हे कारखान्यात, लेक बंगळुरात, आणि मी कसबा बावड्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत! म्हटलं, तुम्हालाच सांगावेत.

*

पूर्वी रोज संध्याकाळी पाचला घरचा फोन वाजायचा. पलीकडे बाबालालमिस्त्री. "वैनी, लिवा!"

मी वही उघडायची. कुठल्या मशीनवर किती नग झाले, किती नापास, कोण रजेवर. हे मालक, पण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही, म्हणून लग्नानंतर ते काम माझ्याकडे आलं. मिस्त्री आकडे सांगता सांगता गावभराची खबर द्यायचे. मी आपली ऐकेन ते लिहायची.

महिनाअखेरीला हे वही वाचत बसले. "अगं, हे काय? तीन नंबर मशीन, एकशे दहा नग, सदाची पोरगी, नापास चार?"

सदा म्हणजे तीन नंबर मशीन चालवणारा. "नग सगळे पास," मी म्हटलं. "चार स्थळं पोरीनं नापास केली!"

*

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. सॉफ्टवेअर बसवायला स्नेहल नावाची मुलगी आली. गोड मुलगी. चार दिवस माझ्या वह्या चाळल्या, आणि म्हणाली, "काकू, किती नीट लिहिलंय हो! आता मशीनच नग मोजणार, हिशेबही आपोआप होणार. तुम्ही सुटलात!"

मी सुटले. तिला शिरा खाऊ घातला.

त्या सोमवारी पाच वाजले. सव्वापाच वाजले. मंगळवारीही तसंच. बुधवारी मी यांना म्हटलं, "फोन बिघडलाय वाटतं. जरा एक रिंग देऊन बघा हो."

यांनी समोरच्या खुर्चीत बसून मोबाईलवरून रिंग दिली. फोन खणखणीत वाजला!

"चांगला आहे की!" हे म्हणाले आणि पेपर उघडला.

*

मशीन थांबलं की कॉम्प्युटर कारण विचारतो. पडद्यावर यादी येते. वीज गेली, टूल तुटलं, माल संपला. त्यातलं एक बोटानं दाबायचं.

पहिल्याच दिवशी दहाचा चहा आला. मशीनं थांबली. मिस्त्री पडद्यापुढं उभे. एका हातात कप, दुसऱ्या हाताचं बोट हवेत.

"दाबा की मिस्त्री, कायतरी!" सदा ओरडला.

"कायतरी कसं दाबू? वीज हाय, टूल हाय, माल हाय. खोटं दाबू व्हय?"

चहा गार झाला, पण मिस्त्रींनी बोट काही खाली आणलं नाही! शेवटी स्नेहलनं यादीत 'चहा' घातला. महिन्याचा रिपोर्ट आला, मशीन थांबण्याचं सर्वांत मोठं कारण, चहा!

"एवढा खर्च करून हे कळलं?" हे वैतागले.

"मालक, आमास्नी इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं की!"

*

सुरुवातीला सिस्टीम सारखी अडायची. हे मला म्हणाले, "तुझं एवढं उपासतापास चालतं. देवीला सांग, कॉम्प्युटर नीट चालू दे."

मी पाच शुक्रवार बोलले. पहिल्याच शुक्रवारी सगळं बंद पडलं. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा!

"तुझी देवी कॉम्प्युटरच्या विरोधात दिसते," हे हसत म्हणाले.

मी निरांजन पुसत राहिले. देवीचा काय दोष? उपास मी कडक केला होता, पण मागताना मनापासून मागितलं नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी आधी तिची माफी मागितली, मग नीट मागितलं. त्या दिवसापासून सिस्टीम सुरळीत आहे.

*

सुरळीत, पण एक सोडून. दर शुक्रवारी एक नग कमी! मशीन मोजायचं तेवढे गोदामात पोचायचेच नाहीत, आणि हिशेब जुळायचा नाही. स्नेहल मिस्त्रींना हळूच म्हणाली, "काका, दर शुक्रवारी इथं चोरी होतेय."

"ओ बाई! चोरी न्हाय, देवीचा नग हाय त्यो!"

"देवी कोण? सिस्टीममध्ये या नावाचा ग्राहकच नाही."

"मग घाला की!"

तिनं घातला. ग्राहक, देवी. पत्ता, आमचं देवघर. मग कॉम्प्युटर मोबाईल नंबर मागू लागला. त्याशिवाय पुढंच सरकेना.

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वैनींचा घाला. त्यांचं दोघींचं रोजचं बोलणं हाय."

पुढच्या शुक्रवारी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. 'आदरणीय देवी, आपला एक नग रवाना झाला आहे.' खाली चार आकडे. मी बघतेय तोवर पाच वाजले आणि फोन वाजला!

"वैनी, सांगा!"

"काय सांगू?"

"त्यो ओटीपी. गिऱ्हाइकानं आकडा सांगितल्याबिगार कॉम्प्युटर नोंद मिटवत न्हाय. आन् व्हय, सदाच्या पोरीचं ठरलं बरं का!"

मी वही काढली आणि लिहिलं.

असे चार शुक्रवार गेले. पाचव्या शुक्रवारी फोन आला तो स्पीकरवर होता. मागून स्नेहलचा आवाज, "काकू, एका नगासाठी मिस्त्रींना दरवेळी फोन करावा लागतो. मी देवीचा ओटीपी बंदच करून टाकते."

"थांबा बाई," मिस्त्री म्हणाले. "गिऱ्हाइकाला इचारल्याबिगार कसं बंद करायचं? वैनी, देवीला इचारा जरा."

मी फोन घेऊन देव्हाऱ्यापुढं उभी राहिले. समईची वात सारखी केली. पलीकडे मशीनंसुद्धा थांबली होती. कॉम्प्युटरला काय कारण दाबलं असेल, कोण जाणे.

"वैनी, काय म्हणती देवी?"

"देवीच विचारतेय," मी म्हटलं, "फोन फक्त शुक्रवारीच का?"