उष्टं

"शीळ घालत आण गं. म्हणजे आम्हाला कळेल, वाटेत चाखलं नाहीस."

हे बोलले आमच्या ग्रुपमधले सगळ्यांत मोठे काका. माझ्या हातात भरल्या वांग्यांचा डबा होता. गाडीतून काढून मी तो झाडाखालच्या टेबलाकडे नेत होते. टेबलाभोवती आमची मराठी मंडळी, सगळी टेक्सासमधल्या अर्विंग आणि प्लेनोची. सगळे हसले. माझा नवराही हसला, कसनुसा.

लाँग वीकेंडला गाड्या काढून आम्ही लुइझियानात आलो होतो, उसाचा जुना मळा बघायला. पुढे मालकाचा पांढराशुभ्र बंगला, मागे गुलामांच्या खोपट्या. बंगल्यासमोर आमच्या लोकांनी फोटोंवर फोटो काढले. खोपट्यांपाशी कुणी फार थांबलं नाही. मळा दाखवणारी गाइड काळी बाई होती, माझ्याच वयाची असेल. तिने बंगल्यापासून लांब असलेलं स्वयंपाकघर दाखवलं. रांधायच्या गुलाम बायका. ते जेवण बंगल्यात नेताना त्यांना वाटभर शीळ घालायला लावायचे, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, ती म्हणाली. शीळ थांबली की मालकाने समजायचं, घास तोंडात गेला. मग चाबूक.

भुकेली बाई. हातात गरम जेवण. आणि तोंडसुद्धा तिचं नाही.

शेजारी काकू उभ्या होत्या, काकांच्या पत्नी. हळूच म्हणाल्या, "बरोबरच आहे. उष्टं नको व्हायला."

गोष्ट भुकेची चालली होती. काकूंना त्यात विटाळ ऐकू आला. त्या मालकाचं मन त्यांना एका शब्दात कळलं. रांधणारीचं कळलं नाही.

आणि मला काकू कळल्या. ओळख झाली तेव्हा त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. त्यानंतर प्रत्येक पॉटलकच्या, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, आधी त्यांचा फोन यायचा. तुम्ही दोघं नोकरीवाले, कशाला दगदग, पेपर प्लेट्स आणि बर्फ आणा. मी ते प्रेम समजत होते. धन्य माझी. या खेपेला कुणाला न विचारता मी वांगी केली. त्याचं उत्तर काकांनी दिलं.

मी डबा धरून उभी. तेवढ्यात माझी मुलगी पुढे आली. आठ वर्षांची. नुकतीच शीळ घालायला शिकलेली. "आय कॅन डू इट, आई," म्हणाली. ओठांचा चंबू केला आणि माझ्यापुढे शीळ घालत चालू लागली. टेबलावर टाळ्या पडल्या. तिला वाटलं, आपण आईला मदत करतोय.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"काका," मी म्हणाले, "त्या बायकांना भूक लागायची, म्हणून ती शीळ. हे उष्टं-विटाळ त्या मालकाचं नाही. ते आपण विमानात घालून इथे आणलंय."

काकू म्हणाल्या की गंमत होती, किती मनाला लावून घ्यायचं. मी डबा तसाच कवेत घेतला, पोरीचा हात धरला आणि गाडीकडे निघाले.

"सोड ना यार," नवरा गाडी चालू करत म्हणाला. "इथे आपल्याला हीच माणसं आहेत."

"मला नाहीत," मी म्हणाले.

त्या बायकांचं दुःख मी माझं म्हणून मिरवणार नाही. त्यांची लेकरं कुशीतून ओढून विकली. मी पगारी बाई, स्वतःच्या गाडीत बसलेली. पण मालक कसा हसत असेल, ते मला माहीत आहे. ते मी लहानपणापासून ऐकत आले.

"व्हाय आर यू मॅड?" पोरीने विचारलं. "इट वॉज जस्ट अ जोक."

तिला तो जोक वाटला, हेच मला सहन होईना. उद्या ती त्या टेबलावर बसून कुणाला तरी हसेल. नाहीतर स्वतः मान खाली घालून उभी राहील. मला दोन्ही नको होतं.

मी मागे तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सांगायला लागले. गावाबाहेरची आमची वस्ती. माझ्या आईच्या ओंजळीत वरून ओतलेलं पाणी. मला वर्गात दाराशी बसवणारे गुरुजी. आपण कोण, आणि लोकांनी आपल्याला काय ठरवलं.

"डू दे हेट अस?"

काही जण करतात, मी म्हणाले.

तिला रडू फुटलं. नवरा आरशात बघून म्हणाला, पुरे कर, लहान आहे ती.

मी थांबले नाही.